वैनगंगेकांठचें वीजघर आणि नर्मदेकांठची अणुभट्टी

गोंदियाहून उत्तरेकडे निघालेला लोहमार्ग बालाघाट, नैनपूर असे टप्पे घेत, सातपुड्याची चढण चढत जबलपुरास पोंचतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं बंगाल-नागपूर रेल्वेनें तो अरुंद रुळांचा घातला. आतां तो रुंद झाला आहे. त्या काळीं गोंदिया, बालाघाट, मंडला व जबलपूर हीं सारीं मध्यप्रांत नांवाच्या एकाच प्रांतांत मोडत. १९५६ सालीं भाषावार रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यांत गेला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वांत आला. नकाशावरील रेघा अशा सरकत गेल्या, तरी मुलूख एकच राहिला. दोहों बाजूंस गोंडांची वस्ती, दोहों बाजूंस धानाचीं शेतें, साग-मोहाचें जंगल आणि उन्हाळ्यांत तेंदूपानाचा हंगाम.

या मुलुखाच्या दक्षिण टोंकास एक वीजघर उभें आहे व उत्तर टोंकास एक उभारावयाचें योजिलें आहे. तिरोड्याचें वीजघर कोळशावर चालतें. ६६० मेगावॉटचा एक असे पांच संच २०१२ ते २०१४ या अवधींत सुरू झाले, आणि एकंदर ३,३०० मेगावॉटचें हें अदानी समूहाचें वीजघर राज्यांतील मोठ्यांत मोठ्या वीजघरांपैकीं एक ठरलें. दुसरें वीजघर मंडला जिल्ह्यांत नर्मदेच्या कांठीं चुटका या गांवीं योजिलेलें, अणुशक्तीचें आहे. तेथें ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या बसवावयाच्या आहेत. गोंदियापासून चुटका आकाशमार्गानें दीडशें किलोमीटरच्या सुमारास पडतें. तारापूर व जैतापूर हीं त्याच्या कितीतरी पटींनीं दूर आहेत. तेव्हां अणुवीज ही कोंकणपट्टीच्या लोकांनीं करावयाची चिंता आहे, असें पूर्व विदर्भांत कोणी समजत असेल, तर ती समजूत भूगोलाला धरून होणार नाहीं.

कोळशाचे दोष या जिल्ह्यास पुस्तकांतून शिकावे लागत नाहींत. तिरोड्याचे पांचही संच पूर्ण भारानें चालले, तर दिवसाला अजमासें पन्नास हजार टन कोळसा जळतो. भारतीय कोळशांत राखेचें प्रमाण शेंकडा तीस ते पंचेचाळीसपर्यंत असतें, म्हणजे रोजची राख पंधरा हजार टनांच्या खालीं येत नाहीं. ती कोठें तरी साठवावी लागते. आणि जेथें साठते तेथील वारा व विहिरी तिचे वांटेकरी होतात. पाणी वैनगंगेचें. कोळशासाठीं प्रथम चंद्रपूर जिल्ह्यांतील लोहारा येथील क्षेत्र योजिलें होतें, परंतु तें ताडोबाच्या वाघांच्या वनाला लागून असल्याकारणानें केंद्रीय पर्यावरण खात्यानें त्यास नकार दिला. शिवाय, फारसें कोणी बोलत नाहीं अशी एक गोष्ट आहे. कोळशांत युरेनियम व थोरियम यांचे अत्यल्प अंश मुळांतच असतात, आणि कोळसा जळून गेल्यावर ते राखेंत मागें राहतात.

अणुवीजेचा पुरस्कार करणारे नेमकें येथेंच बोट ठेवतात, आणि त्यांचें म्हणणें पोकळ नाहीं. भारतीय जडपाण्याच्या भट्टींत एक किलो नैसर्गिक युरेनियम जितकी वीज देतें, तितकीसाठीं तीस टनांच्या आसपास कोळसा लागतो. धुराडें नाहीं, राखेचे डोंगर नाहींत, कोळशाच्या मालगाड्यांची रांग नाहीं. हवेंतील कर्बवायु वाढून ऋतुमान बिघडत चाललें असतां ही गोष्ट क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. म्हणून अणुवीजेच्या तोट्यांचा विचार करावयाचा तो कोळशाला निर्दोष ठरवून नव्हे, तर दोन्हींचे दोष वेगळ्या जातीचे आहेत हें ओळखून.

तो जातीचा फरक चुलीच्या उदाहरणानें समजतो. तिरोड्याच्या भट्टींत कोळसा टाकणें थांबविलें, कीं जाळ विझतो. थोडा वेळ निखारा धगधगेल, पुढें राख. अणुभट्टीचें तसें नाहीं. युरेनियमचे अणु फुटण्याची सांखळी क्षणार्धांत थांबवितां येते. परंतु फुटलेल्या अणूंचे जे तुकडे इंधनांत सांचलेले असतात ते स्वतः किरणोत्सर्गी असतात आणि क्षय पावतांना उष्णता देतच राहतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणीं ही उष्णता पूर्ण शक्तीच्या शेंकडा सहा-सातच्या घरांत असते. कांहीं तासांनीं ती शेंकडा एकपर्यंत उतरते, परंतु शून्यावर येत नाहीं. मोठ्या भट्टींत शेंकडा एक म्हणजेसुद्धां हजारों किलोवॉटची आंच. ती नेण्यासाठीं पाणी फिरतें ठेवावें लागतें, पाणी फिरविण्यासाठीं पंप, पंपांसाठीं वीज. विजेच्या कारखान्याला बंद पडल्यावर बाहेरून वीज न मिळाली तर तो धोक्यांत येतो, असा हा विपरीत प्रकार आहे. अणुवीजघरांच्या बहुतेक मोठ्या अपघातांचा इतिहास याच एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

२ डिसेंबर १९४२ रोजीं शिकागो येथें पहिली नियंत्रित सांखळी-क्रिया घडविण्यांत आली. तीन वर्षांच्या आंत त्याच ज्ञानानें हिरोशिमा भस्मसात् झालें. या विद्येचा जन्मच युद्धाच्या कोठडींत झाल्यामुळें असेल, तिला उजेडांत आणतांना अतिशयोक्तीचा आश्रय झाला. १९५४ सालीं रशियांत ओब्निन्स्क येथें ५ मेगावॉटची भट्टी वीज देऊं लागली, आणि त्याच सालीं अमेरिकेच्या अणुशक्ति मंडळाचे अध्यक्ष लुई स्ट्रॉस यांनीं पुढील पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल कीं ती मोजण्याचीही गरज उरणार नाहीं असें भाकीत केलें. तें खरें ठरलें नाहीं, हें प्रत्येक घरांतील मीटर सांगतो. १९५७ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडमध्यें विंडस्केलच्या भट्टीला आग लागली. तिच्या आसपासच्या शेंकडों चौरस किलोमीटर प्रदेशांतील गाईंचें दूध ओतून द्यावें लागलें. २८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेंत थ्री माइल आयलंड येथें एक झडप उघडी राहिली, ती उघडी आहे हें चालकांना कळलें नाहीं, आणि भट्टीचा गाभा बराचसा वितळला. २६ एप्रिल १९८६ च्या रात्रीं चेर्नोबिल येथें भट्टी फुटली. दुसऱ्याच दिवशीं प्रिप्यात शहरांतील पन्नास हजारांच्या आसपास माणसें बसगाड्यांतून हलविण्यांत आलीं. तीन दिवसांत परत याल, असें त्यांना सांगितलें होतें.

चेर्नोबिलचा एक तपशील गोंदियाच्या दृष्टीनें विशेष मनांत धरण्यासारखा आहे. भट्टीभोंवतीं ३० किलोमीटरचें वर्तुळ काढून तें निर्मनुष्य केलें गेलें. परंतु किरणोत्सर्गी द्रव्यानें वर्तुळ मानलें नाहीं. ज्या दिशेला वारा गेला व जेथें नेमका पाऊस पडला, तेथें तें उतरलें; आणि बेलारूसच्या मोगिलेव्ह प्रांतांत, दोनशें किलोमीटरांच्या अंतरावर, कांहीं गांवांची जमीन जवळच्या गांवांपेक्षांही अधिक दूषित झाली. नर्मदा पश्चिमेस वाहते आणि वैनगंगा दक्षिणेस, त्यामुळें चुटक्याचें पाणी गोंदियास येणार नाहीं हें खरें. वाऱ्याला मात्र असा पाणलोट नसतो.

भारतांत या विद्येचा पाया डॉ. होमी भाभा यांनीं घातला. १९४८ च्या एप्रिलमध्यें घटनासमितींत अणुशक्तीचें विधेयक आलें, तेव्हां म्हैसूरचे सभासद एस. व्ही. कृष्णमूर्ति राव यांनीं एक मार्मिक आक्षेप घेतला. इंग्लंडच्या कायद्यांत गुप्ततेचें बंधन संरक्षणाच्या संशोधनापुरतें आहे. मग शांततेच्या कामासाठीं अणुशक्ति वापरूं इच्छिणाऱ्या भारताला त्याहून कडक गुप्तता कशाला? शांततेचा व युद्धाचा उपयोग एकमेकांपासून वेगळा कसा काढावयाचा हें आपणांस कळत नाहीं, असें पंडित नेहरूंचें उत्तर होतें. उत्तर प्रामाणिक होतें, पण त्याची किंमत पुढील पिढ्यांनीं दिली. १९६२ च्या कायद्यानेंही तो पडदा कायम ठेविला, आणि अणुवीजघराच्या शेजारीं राहणाऱ्यांना त्याविषयीं विचारण्याचा जो साधा हक्क असावयास हवा होता, तो राज्याच्या गुपितांच्या यादींत जाऊन पडला. १९८३ सालीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. परंतु ज्या अणुशक्ति आयोगाच्या कारभारावर देखरेख करावयाची, त्यालाच तें उत्तरदायी राहिलें. २०१२ सालीं महालेखापरीक्षकांनीं ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवून दिली.

या देशांतील पहिलें अणुवीजघर महाराष्ट्राच्याच भूमीवर, तारापूर येथें झालें. १९६३ सालीं अमेरिकेशीं करार होऊन जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें त्याच्या दोन भट्ट्या उभारल्या आणि १९६९ च्या ऑक्टोबरांत त्या रीतसर वीज देऊं लागल्या. प्रत्येकीची शक्ति २१० मेगावॉट ठरविलेली. परंतु वाफ निर्माण करणाऱ्या यंत्रांच्या नळ्या गळूं लागल्या आणि ती १६० वर उतरवावी लागली. इंधनाची कथा त्याहून बोधप्रद. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतें, आणि तें तीस वर्षें पुरविण्याचें अमेरिकेनें कबूल केलें होतें. १९७४ च्या मे महिन्यांत पोखरणचा स्फोट झाला, १९७८ सालीं अमेरिकेनें नवा कायदा केला, आणि कबुली कागदावर राहिली. मग फ्रान्स, पुढें चीन, त्यानंतर रशिया अशा दारांवरून इंधन आणावें लागलें. परावलंबनांतून सोडविणारी शक्ति म्हणून जिचें स्वागत झालें, तिच्या पहिल्याच वीजघराला चार देशांचीं दारें ठोठवावीं लागलीं!

आणि जळलेलें इंधन? तें अमेरिकेनें परतही नेलें नाहीं व त्यावर प्रक्रिया करण्यास संमतीही दिली नाहीं. वर्षानुवर्षें तें तारापुरांतच पाण्याच्या टाक्यांत राखीत बसावें लागलें. अणुवीजेची राख ती हीच. तिचें वजन तिरोड्याच्या राखेपुढें नगण्य आहे. तिचें आयुष्य मात्र नगण्य नाहीं. तींतील सीझियम व स्ट्रॉन्शियम यांना निम्मे होण्यास तीस वर्षांच्या आसपास लागतात, तर प्लुटोनियमला चोवीस हजार वर्षें. गोंदिया जिल्ह्यांत नवेगांवबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला अशी परंपरा आहे, आणि त्याला तीनशें वर्षांच्या आसपास झालीं असें मानतात. ज्यांनीं पाळी बांधल्या त्यांच्या वंशजांनीं त्या राखल्या, म्हणून कोहळ्यांचे तलाव टिकले. राखणें म्हणजे काय, हें या जिल्ह्याला ठाऊक आहे. प्लुटोनियमची राखण नवेगांवबांधच्या आयुष्याच्या ऐशीं पटींनंतरही अर्धीच सरलेली असेल.

भारतीय वीजघरांत चेर्नोबिलसारखा अनर्थ झालेला नाहीं, आणि त्याचें श्रेय तेथील अभियंत्यांना दिलेंच पाहिजे. परंतु ३१ मार्च १९९३ ची पहांट विसरण्यासारखी नव्हे. उत्तर प्रदेशांत नरोरा येथें वाफेच्या चक्राचीं पातीं तुटलीं, हायड्रोजनला आग लागली, आणि ज्या तारा एकमेकींपासून दूर ठेवावयास हव्या होत्या त्या एकाच मार्गानें नेलेल्या असल्यामुळें साऱ्या एकदम जळाल्या. वीजघर सुमारें सतरा तास वीजेवांचून राहिलें. चालकांपैकीं कांहीं जण हातांत विजेरी घेऊन अंधारांत भट्टीच्या इमारतीच्या माथ्यावर चढले व त्यांनीं हातानें झडपा उघडून बोरॉनचें द्रावण आंत सोडलें. आग विझविण्याच्या डिझेल पंपांचें पाणी भट्टी थंड राखण्याच्या कामीं लागलें. देश वांचला तो यंत्रांच्या गुणानें जितका, तितकाच त्या माणसांच्या छातीनें. पुढच्याच वर्षीं, मे १९९४ मध्यें, कर्नाटकांत कैगा येथें बांधकाम चालू असतांना भट्टीवरील घुमटाचें कवचच कोसळलें. भट्टी सुरू झालेली नव्हती, एवढेंच सुदैव. हें कवच अपघातांतील अखेरची तटबंदी मानलें जातें.

११ मार्च २०११ रोजीं जपानांत फुकुशिमा येथें समुद्र चढून आला. भट्ट्या भूकंपाबरोबर आपोआप बंद झाल्या होत्या. परंतु पाणी फिरविणारीं डिझेल यंत्रें बुडालीं आणि मागें राहिलेल्या आंचेनें तीन गाभे वितळले. दीड लाखांवर लोकांना घरें सोडावीं लागलीं. त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्यांत जैतापूरच्या प्रकल्पासाठीं माडबन व आसपासच्या गांवांची ९३८ हेक्टर जमीन घेण्यांत आली होती. विरोध पेटलेलाच होता. १८ एप्रिल २०११ रोजीं नाटे येथें पोलिसांच्या गोळीबारांत एका तरुणाचा बळी गेला. १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांची ती योजना त्यानंतर करारांमागून करार होत वर्षानुवर्षें कागदांवरच राहिली. तिला थोपविण्यांत आंदोलनाचा वांटा आहे, पण खरा अडथळा किंमतीचा. त्याच जातीच्या भट्ट्या फिनलंड व फ्रान्स येथें मूळ अंदाजाच्या कितीतरी पट खर्च व दहा-दहा वर्षांहून अधिक विलंब करून पुऱ्या झाल्या.

नुकसान झालें तर भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न या मुलुखांत भोपाळचें नांव घेतल्याशिवाय विचारतां येत नाहीं. १९८४ च्या डिसेंबरांत विषारी वायूनें हजारों माणसें मेलीं, आणि १९८९ सालीं ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. त्या आठवणीच्या छायेंत २०१० सालीं अणुअपघाताच्या दायित्वाचा कायदा झाला. त्यानें वीजघर चालविणाऱ्यावर १,५०० कोटि रुपयांची मर्यादा घातली, परंतु सदोष यंत्र पुरविणाऱ्याकडे मागणी करण्याची वाटही मोकळी ठेविली. परदेशी कंपन्यांना तीच बोंचत होती. पुढें डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें १९६२ व २०१० या दोन्ही कायद्यांच्या जागीं नवा कायदा आणून या क्षेत्राचें दार खासगी भांडवलाला उघडलें. दायित्वाला मर्यादा घालावी लागते, याचाच अर्थ धोका अमर्याद आहे हें कायदा करणारे जाणतात.

आतां चुटका. गढा-मंडल्याचें गोंड राज्य, राणी दुर्गावतीचें राज्य, याच नर्मदेच्या कांठीं नांदलें. १५६४ सालीं मोगलांशीं लढतां लढतां तिनें देह ठेविला. त्या गोंडांचे वंशज शेतीवर, मासेमारीवर व मोहाफुलांवर निर्वाह करीत नदीकांठीं राहत होते. जबलपूरजवळ नर्मदेवर बरगीचें धरण झालें आणि १९९० च्या सुमारास त्याचा जलाशय भरला. खुद्द नर्मदेवरील हें पहिलें मोठें धरण. त्यानें १६२ गांवांना झळ लावली. कोठवर पाणी येईल याची अटकळ नीट न झाल्यामुळें कित्येकांना एकदां सोडून पुन्हां वर सरकावें लागलें. चुटक्याचे लोक त्यांतलेच. खालचीं शेतें पाण्यांत गेलीं, म्हणून ते जलाशयाच्या कांठच्या उंचवट्यावर येऊन बसले, आणि ज्या पाण्यानें जमीन नेली त्याच पाण्यांत जाळीं टाकूं लागले.

२००९ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें अणुवीजघरासाठीं हीच जागा तत्त्वतः मान्य केली. जागा निवडण्याचें कारण उघड आहे: अणुभट्टीला पाणी फार लागतें. तिच्या उष्णतेपैकीं एक तृतीयांशाच्या आसपासच वीज होते, उरलेली पाण्याला द्यावी लागते. तिरोड्यासारख्या नव्या कोळशाच्या संचापेक्षांही हें प्रमाण प्रतिकूल. बरगीचें पाणी हातांशीं होतें. म्हणजे धरणानें ज्यांना एकदां उठविलें, त्यांना त्या धरणाच्या पाण्याकरितां पुन्हां उठावयाचें! बरगी झालें तेव्हां सिंचनाचें व विजेचें वचन होतें. विस्थापितांच्या कित्येक वस्त्यांना तें पाणी व ती वीज दीर्घकाळ मिळाली नाहीं. ही जागा भूकंपाच्या दृष्टीनेंही अगदीं निःशंक नाहीं. २२ मे १९९७ च्या पहांटे जबलपुरास ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, पडझड होऊन चाळीसच्या सुमारास माणसें दगावलीं. आणि जबलपूर चुटक्यापासून फार दूर नाहीं. ७०० मेगावॉटच्या भट्ट्या भूकंपाचा हिशेब धरूनच बांधतात हें खरें, परंतु हिशेब पटवून देण्याचें काम बांधणाऱ्याचें असतें, शेजाऱ्याचें नव्हे.

तें पटवून देण्यासाठीं कायद्यानें जनसुनावणी सांगितली आहे. चुटक्याची सुनावणी २४ मे २०१३ रोजीं ठरली. विरोध पाहून पुढें ढकलावी लागली. ३१ जुलैला पुन्हां ठरली, पुन्हां ढकलली. मंडला हा घटनेच्या पांचव्या अनुसूचींतील जिल्हा, जेथें १९९६ च्या कायद्यानें ग्रामसभेला जमिनीच्या बाबतींत विचारण्याचें बंधन सरकारवर आहे. आणि ग्रामसभांनीं नकाराचे ठराव केलेले होते. शेवटीं १७ फेब्रुवारी २०१४ रोजीं मोठ्या पोलीस बंदोबस्तांत सुनावणी पार पाडण्यांत आली. मंडपाच्या आंत अधिकारी होते, बाहेर घोषणा देत गांवकरी.

१७ मे २०१७ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें स्वदेशी बनावटीच्या ७०० मेगावॉटच्या दहा भट्ट्यांस एकदम मंजुरी दिली. त्या यादींत चुटक्याच्या दोन होत्या.